पडवीतला वाळूचा फिल्टर: २०२४ च्या पावसाळ्याच्या नोंदी

४ मे २०२४

जुनी वही गेल्या पावसात पडवीतच राहिली आणि पानं चिकटून लगदा झाली. ही नवी वही माजघराच्या फडताळात राहील. लिहायचं पेन्सिलीने, शाई ओघळते.

फिल्टर आता सव्वा वर्षाचा झाला. पहिल्या पानावर त्याची सगळी माहिती हवीच, कारण उद्या मी घरात नसले तर दुसऱ्या कुणालाही तो सांभाळता आला पाहिजे.

दोनशे लिटरचा निळा ड्रम. आधी त्यात खाण्याचीच वस्तू होती याची खात्री करून घेतलेला. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला नको. पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, ऊन लागत नाही तिथे, जांभ्याच्या चिऱ्यांच्या ओट्यावर बसवला आहे. भरल्यावर वजन तीनशे किलोच्या वर जातं. एकदा ठेवला तो ठेवला. हलवला की वाळू खाली दबते आणि वाट बंद होते.

तळाशी ५ सेंटिमीटर खडी, ६ ते १२ मि.मी.ची. त्यावर ५ सेंटिमीटर बारीक खडी. त्यावर ५४ सेंटिमीटर वाळू, ०.७ मि.मी.च्या जाळीतून चाळलेली आणि धुतलेली. वाळू क्रशरवरची, काळ्या दगडाची. खाडीची फुकट मिळत होती, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. बाहेर पडणारा अर्ध्या इंचाचा पाइप तळातल्या खडीतून निघतो, ड्रमच्या बाहेरून वर चढतो आणि वाळूच्या पातळीहून ५ सेंटिमीटर उंचीवर उघडा होतो. त्याला नळ नाही, कॉक नाही. वरून कळशी ओतली की पाइपातून धार लागते आणि वाळूवर ५ सेंटिमीटर पाणी उरलं की आपोआप थांबते.

ते पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे फिल्टरचा जीव. वाळूच्या वरच्या एकदोन सेंटिमीटरमध्ये जिवाणू आणि इतर सूक्ष्म जीव वस्ती करतात, आणि पाण्यातून येणारे रोगजंतू तिथेच अडकतात, खाल्ले जातात. जर्मन लोकांचा या थराला शब्द आहे, 'श्मुट्झडेके', म्हणजे मळाची चादर. आमच्या घरात तिला साय म्हणतात. सायीला ओलावा हवा आणि हवाही हवी. पाणी जास्त खोल झालं तर खाली प्राणवायू पोचत नाही, उथळ झालं तर ती सुकते. रोज थोडं थोडं पाणी चालू-बंद करून वापरता येईल अशी ही रचना कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड मान्झ यांनी १९९० च्या दशकात बसवली. मूळची वाळूची गाळणी मात्र फार जुनी, लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठ्यासाठी जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये बांधलेली.

मी हे का केलं तेही इथे राहू दे. ऑगस्ट २०२२ मध्ये लेकीला टायफॉइड झाला. सोळा दिवस ती अंथरुणावर होती, आणि मी तिच्या उशाशी बसून तेच विहिरीचं पाणी तिला चमच्याने पाजत होते, आधी साधं आणि डॉक्टर बोलल्यावर उकळून. नंतर जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यात माझं नाव आलं. शिकून घरी आले आणि तपासणीची पहिली बाटली आमच्याच विहिरीच्या पाण्याने भरली. पाण्यात विष्ठेतले जिवाणू असले की ही बाटली काळी पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काळी ठिक्कर.

आजचं माप: एक लिटर भरायला ४८ सेकंद. ड्रमच्या रुंदीचा हिशेब केला तर एका लिटरला ३६ सेकंदांपेक्षा कमी लागता कामा नयेत. दोन मिनिटांच्या वर गेलं की साफ करायचं. माप नेहमी ड्रम काठोकाठ भरल्यावर लगेच घ्यायचं, कारण पाणी उतरेल तशी धार मंदावते.

१९ मे

विहिरीने तळ गाठला आहे, पाणी मात्र काचेसारखं.

वाळूवर जी भोकांची ताटली ठेवतो ती पत्र्याची होती. गंजून मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या बरोब्बर खाली वाळूत खळगा. म्हणजे कितीतरी दिवस कळशीचं पाणी थेट सायीवर आदळत होतं, आणि मी वरून नुसतं ओतत होते, ताटली उचलून बघत नव्हते. आता ताटली दर रविवारी उचलून बघायची.

नवी ताटली प्लास्टिकच्या पसरट टबाची केली. तिला गंज नाही. लेकीने पट्टी घेऊन अडीच-अडीच सेंटिमीटरवर खुणा केल्या, मी दाभण चुलीत तापवून ३ मि.मी.ची भोकं पाडली. तीनशेच्या वर भोकं. प्लास्टिक जळल्याचा वास घरात येऊ नये म्हणून मागच्या अंगणात बसलो, तरी संध्याकाळपर्यंत बोटांना वास होता. खळगा हाताने हलकेच सारखा केला. आता पाणी ताटलीवर पसरतं आणि पावसाच्या सरीसारखं खाली उतरतं.

२ जून

जलसुरक्षक दादांनी आज वाडीतल्या सगळ्या विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली. पावसाच्या तोंडावर हे झालंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्लोरीन जंतू मारतो तसा माझी सायही मारतो. गेल्या वर्षी मला हे सुचलं नव्हतं आणि जूनभर फिल्टरची बाटली काळी का येते ते कळत नव्हतं.

यंदा दादांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी हाक मारून तारीख सांगितली. काल रात्रीच दोन पिंपं आणि घंगाळ भरून ठेवलं. फिल्टरला दोन दिवस तेच पाणी. विहिरीचं नवं पाणी घंगाळात उघडं ठेवायचं आणि ओटीच्या (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनच्या) द्रावणाचे थेंब टाकून बघायचं. पिवळं झालं की क्लोरीन आहे, थांबायचं. पिवळेपणा येईनासा झाला की मगच फिल्टरमध्ये.

फिल्टर पूर्ण कोरडा उपाशीही ठेवायचा नाही. दोन दिवसांहून जास्त पाणी नाही मिळालं तर सायीतले जीव मरायला लागतात. माहेरी जाते तेव्हा शेजारच्या काकू रोज एक कळशी ओततात.

५ जून

ओटी पिवळी नाही. विहिरीचं पाणी पुन्हा सुरू.

९ जून

पाऊस आला. पागोळ्यांचं पाणी ड्रमच्या झाकणावर उडतं, तिथे पत्र्याचा तुकडा लावायला ह्यांना सांगितलं.

२२ जून

विहिरीचं पाणी लाल. वरच्या बाजूच्या शेतात चिखलणी चालू आहे आणि पऱ्या भरून वाहतोय.

पाणी किती गढूळ झालं की फिल्टरमध्ये घालायचं नाही, त्याची साधी परीक्षा आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली भरायची, कॅलेंडरच्या पानावरच्या मोठ्या तारखेवर ठेवायची आणि वरून तोंडातून खाली बघायचं. तारीख वाचता आली तर ठीक. आज मला २२ मधला एक २ सुद्धा दिसला नाही, बाटलीत नुसता चहा.

असं पाणी तसंच घातलं तर चार दिवसांत वाळू तुंबेल. म्हणून दोन पायऱ्या आधी. पहिली, तुरटी. कळशीत चार-पाच वेळा फिरवायची आणि रात्रभर निवळू द्यायचं. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, हात किती वेळा फिरवायचा ते बरोबर कळतं. माझ्या हातून जास्त होते आणि पाणी तुरट लागतं. हे काम त्यांच्याकडेच. त्यांच्या लहानपणी माठात निवळीची बी घासायचे असं त्या सांगतात.

दुसरी पायरी, सकाळी वरचं निवळ पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतून गाळायचं. लुगडं जितकं जुनं तितका धागा फुगलेला आणि विण दाट. बांगलादेशात मतलब भागात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, हे रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छापून दाखवलं. त्या बायकांच्या हातातलं जुनं लुगडं आणि आमच्या हातातलं एकच, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढून चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायचं.

३० जून

एक लिटरला २ मिनिटं १० सेकंद. साफ करायची वेळ झाली.

ही साफसफाई करताना दरवेळी माझा हात जरा बिचकतो. ताटली काढली. वाळूवर मऊ, तपकिरी मखमल पसरलेली होती, तिच्यावर बारीक बुडबुडे. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, बांगड्या काढून ठेवल्या. साधारण चार लिटर पाणी ओतलं. मग तळवा सपाट धरून वाळूला नुसता टेकवला आणि गोल गोल फिरवला, भाकरीचा उंडा परातीत फिरवतात तसा. बोटं खुपसायची नाहीत. एकदोन सेंटिमीटरच्या खाली काहीही हलता कामा नये. पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं झालं, ते वाटीने काढून बादलीत टाकलं. पुन्हा चार लिटर, पुन्हा तसंच. तीन वेळा केलं. वाळू तळव्याने सारखी केली, ताटली ठेवली, ड्रम भरला.

५५ सेकंद.

चौथ्यांदाही करावंसं वाटत होतं, कारण पाणी अजून गढूळ दिसत होतं. पण धार परत आली की थांबायचं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धूत बसलं तर साय पुरती जाते आणि तिच्याबरोबर फिल्टरचं कामही. आजच्या सफाईनंतरही ती अर्धीमुर्धीच उरली आहे, म्हणून पुढचे आठ-दहा दिवस पाणी खळखळ उकळल्याशिवाय कुणी पिणार नाही. काढलेलं गढूळ पाणी विहिरीपासून लांब, केळीच्या आळ्यात.

११ जुलै

दोन बाटल्या लावल्या होत्या. एक फिल्टरच्या धारेखाली भरलेली, दुसरी स्वयंपाकघरातल्या पिंपातून.

या बाटलीबद्दल: आत रसायन लावलेला कागद असतो, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि झाकण लावून घरातल्या उबेत ठेवायचं. विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंपैकी पुष्कळसे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याने पाणी काळं पडतं. ही साधी युक्ती १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली. ना मायक्रोस्कोप, ना प्रयोगशाळा, काळं की काळं नाही एवढंच बघायचं. मी ४८ तास वाट बघते.

फिल्टरची बाटली पिवळसरच राहिली. पिंपाची ३० तासांत काळी.

म्हणजे फिल्टर आपलं काम करतोय आणि पुढे आम्हीच पाणी बिघडवतोय. दुपारभर स्वयंपाकघरात बसून बघितलं कोण कसं पाणी घेतं. आई ओगराळ्याने घेतात, पण ओगराळं ओट्यावर पालथं ठेवतात. लेक शाळेतून आली की तांब्या थेट पिंपात. ह्यांचं तर शेतातून येऊन बोटं बुडतात. कुणाला बोलण्यात अर्थ नव्हता, पिंपच तसं होतं.

१३ जुलै

खाली नळ असलेलं स्टीलचं पिंप आणलं. झाकण घट्ट बसणारं. जुनं पिंप आता वापरायच्या पाण्याला. नवं दर आठवड्याला टीसीएलच्या पाण्याने आतून धुवायचं, नळाची तोटीसुद्धा, आणि मग उकळलेल्या पाण्याने खळबळायचं.

१४ जुलै

लावणी. माप घेतलं नाही.

१७ जुलै

पिंपाची बाटली ४८ तासांनंतरही पिवळसर. आईंनी ती उजेडात धरून दोनदा बघितली.

२८ जुलै

तीन दिवस सूर्य नाही, वीज नाही. १ मिनिट ०५ सेकंद.

कंदिलाच्या उजेडात लेकीला हॅम्बुर्गची गोष्ट सांगितली. जर्मनीत एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग आणि त्याच्या खालच्या अंगाला लागून आल्टोना. हॅम्बुर्ग वरच्या बाजूचं पाणी न गाळता प्यायचं. आल्टोनाला हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळलेलं पाणी मिळायचं, पण ते वाळूतून गाळून. १८९२ मध्ये कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली आणि आल्टोना मोठ्या प्रमाणात वाचलं. काही ठिकाणी दोन्ही शहरांच्या मध्ये फक्त एक रस्ता होता. लेक म्हणाली, "म्हणजे रस्त्याच्या पलीकडे राहिलं असतं तर?" मी म्हटलं, हो. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिला उकळी का, तेही सांगितलं. नीट चाललेला फिल्टर दहातले नऊ किंवा त्याहून जास्त जिवाणू अडवतो. विषाणू त्याहून कितीतरी लहान, ते कमी अडतात, आणि कावीळ त्यांच्यापासूनच. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, म्हणतं की १०० मि.लि. पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. म्हणून पावसाळाभर गाळलेलं पाणीही चुलीवर जातं. फिल्टरमुळे उकळायचं पाणी स्वच्छ असतं आणि तळाशी लाल गाळ बसत नाही, हा फायदा वेगळाच.

१५ ऑगस्ट

वन्संचा यवतमाळहून फोन. त्यांना असाच ड्रम करायचा आहे, ह्यांनी पाठवलेले फोटो बघून. पाणी कुठलं, विचारलं. बोअरवेलचं, आणि गावात मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे.

नाही म्हणून सांगितलं, आणि सांगताना वाईट वाटलं. त्या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. विरघळलेलं फ्लोराइड वाळूतून जसंच्या तसं खाली येतं. तेच नायट्रेटचं, तेच खाऱ्या पाण्याचं. उकळून तर फ्लोराइड वाढतंच, कारण पाणी उडतं आणि ते मागे राहतं. आधी पाणी तपासून घ्या, मर्यादा एका लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. त्याच्या वर असेल तर पिण्यापुरतं पाणी दुसरीकडून आणा, पावसाचं साठवता आलं तर उत्तम. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मला वाटलं वाळू सगळंच अडवते." खूप जणांना तसंच वाटतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

१ मिनिट १२ सेकंद.

५ सप्टेंबर

परवा गणपती. मुंबईहून भावोजी, जाऊबाई, मुलं, चुलत सासऱ्यांकडची मंडळी, सगळे धरून बावीस माणसं. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज सव्वाशे लिटर तरी हवं.

एका वेळी ४० लिटर घालायचे, कारण वाळूच्या कणांमधल्या जागेत साधारण तेवढंच मावतं. वाळूत थांबलेल्या पाण्यातले जंतू तिथे तासन् तास मरत असतात. ओतलेलं नवं पाणी आधीचं थांबलेलं बाहेर ढकलतं, आणि तेच आपण पितो. धार थांबायला दोन तास, मग कमीत कमी एक तास विसावा. पहाटे पाचला पहिली खेप धरली तर रात्री आठपर्यंत चार खेपा सहज बसतात, म्हणजे १६० लिटर. पुरेल.

खेपांच्या वेळा खडूने भिंतीवर लिहिल्या.

१३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज सकाळी पडवीत नीट बघायला सवड झाली.

पाइपाच्या तोंडाला हिरवी नळी लावलेली होती. नळीचं दुसरं टोक खाली जमिनीवर, बादलीत. ताटली उचलली तर वाळूवर पाणीच नाही. बोट लावलं, वाळू नुसती दमट. साय जागोजागी पापुद्र्यासारखी सुटून कडा वर वळल्या होत्या. नखाने उचलली तर सगळी पट्टीच निघाली, खाली फिकट कोरडी वाळू. पोटात खड्डा पडला.

भावोजी चहा घेत ओटीवर बसले होते. त्यांना विचारलं. म्हणाले, "वहिनी, कळशी वर धरून धरून मुलांचे हात भरून यायचे, म्हणून रविवारी नळी लावली. खाली ठेवूनच भरते आता. आणि काय धार लागते!" खरंच कौतुकाने सांगत होते. सणाच्या घरात माझ्या पाठीमागे त्यांनी पाच दिवस पाणी भरलं, मी पडवीत फिरकले नाही. भिंतीवर वेळा लिहिल्या, पण नळी लावू नका असं कुठे लिहिलं होतं?

काय झालं ते त्यांनाही समजावलं, त्यांनी उठून बघितलं. पाइपाचं तोंड वाळूच्या वर ५ सेंटिमीटर आहे म्हणूनच धार तिथे थांबते. नळी लावून टोक जमिनीवर सोडलं की पाण्याची सलग दोरी होते आणि ती खालच्या टोकापर्यंत ओढत राहते, टाकीतून पेट्रोल ओढतात तशी. ड्रम रोज रात्री तळापर्यंत रिकामा झाला. शिवाय आधी वाळूवर वीतभर पाण्याचा दाब होता, त्यात नळीच्या उतरणीचा हातदीड हात वाढला. नळी होती तशीच ठेवून ड्रम भरला आणि माप घेतलं: १४ सेकंद. पाच पट वेग. एवढ्या वेगात साय काय पकडणार, आणि पाण्याने वाळूत थांबायचं कधी?

पहिले दोन दिवस पिण्याचं पाणी मागच्या चुलीवर उकळलं जात होतं. नंतर मोदकांच्या गडबडीत फिल्टरखालून थेट तांबे भरले गेले. धाकट्या पुतण्याचं मंगळवारी पोट बिघडलं होतं. साखर-मिठाचं पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. खाण्याने झालं की पाण्याने, सांगता येणार नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

नळी लावलेलीच असताना एक बाटली भरून ठेवली आहे. मग नळी काढली.

१४ सप्टेंबर

काळी. वीस तासही लागले नाहीत.

१५ सप्टेंबर

चाकरमानी निघाले. जाताना भावोजींनी नळी गुंडाळून माझ्या हातात दिली. "वहिनी, ही कुलपात ठेवा." मी म्हटलं, नको, उद्या तिचंच काम आहे.

१६ सप्टेंबर

वाळू रिकामी झाली की तिच्यात हवा शिरते. वरून पाणी ओतलं तर हवा मध्येच कोंडून राहते आणि पाणी एखाद्याच वाटेने धावतं. म्हणून ड्रम खालून भरायचा. हिरवी नळी पाइपाच्या तोंडाला घट्ट बसवली, दुसरं टोक माडीच्या खिडकीत ठेवलेल्या बादलीत, आणि बादलीतून निवळलेलं पाणी अगदी मंद सोडलं. वाळूच्या पृष्ठभागावर एकेक बुडबुडा फुटायला लागला. भाताला शेवटची वाफ येते ना, तसं दिसत होतं. लेक मोजत होती, साठ-सत्तरनंतर तिने सोडून दिलं. पाऊण तासाने वाळूवर पाणी चढलं. नळी काढली, जादा पाणी वाहून गेलं आणि बरोबर ५ सेंटिमीटरवर थांबलं. लाकडी पट्टी बुडवून मोजलं.

वरची मेलेली साय वाटीने काढली. ड्रम भरून माप: ४१ सेकंद. नव्यासारखा. नवा म्हणजे उपाशी आणि उघडा. साय पुन्हा धरायला तीन आठवडे ते महिना जातो. त्या वेळात रोज त्याच विहिरीचं पाणी, रोज निदान एक खेप, आणि एकही घोट उकळल्याशिवाय नाही.

२२ सप्टेंबर

नळीचा प्रश्न माणसांना सांगून सुटणार नाही, पाइपच बदलायला हवा. आज बदलला.

पाइप वर चढून जिथे वळतो तिथला एल्बो कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला. टी चं वरचं तोंड उघडं, त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधला. आता कुणी कितीही लांब नळी लावली तरी वळणावर हवा शिरते आणि पाण्याची दोरी तुटते. पाइप चिकटवायचं सोल्युशन पूर्ण सुकायला आणि वास जायला दिवसभर दिला, मग पहिली दोन कळश्यांची धार झाडांना. मुद्दाम तीच हिरवी नळी लावून बघितली. पाणी ५ सेंटिमीटरवर आलं आणि थांबलं. तीनदा केलं.

भावोजींची अडचणही खोटी नव्हती. कळशी हातात धरून उभं राहावं लागत होतं. धारेच्या खाली दोन चिरे रचून बैठक केली, आता कळशी तिथे बसते. आई म्हणाल्या, हे पहिल्याच वर्षी करायचं होतं.

६ ऑक्टोबर

२० दिवस झाले. बाटली ४० तासांनी करडी-काळी. अजून नाही.

१८ ऑक्टोबर

बाटली ४८ तासांनंतर पिवळसर. ४७ सेकंद. ताटली उचलून बघितली, वाळूवर तपकिरी झाक धरली आहे. अजून दोन बाटल्या अशाच आल्याशिवाय उकळणं थांबवणार नाही.

३ नोव्हेंबर

दुसरी पिवळसर. भावोजींचा दिवाळीचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न, "फिल्टर कसा आहे?" सांगितलं. ते तिकडे सोसायटीत टी ची युक्ती कुणाला तरी समजावत होते.

१७ नोव्हेंबर

तिसरीही. पाणी नितळ, दोन लिटरच्या बाटलीतून कॅलेंडरवरची तारीखच काय, खालची तिथीसुद्धा वाचता येते. तुरटी बंद, लुगडं चालू. पिण्यापुरतं पाणी तरीही लहान पातेल्यात उकळतो, आंघोळीच्या चुलीवर होऊन जातं.

८ डिसेंबर

वाडीतल्या अंगणवाडीत असाच ड्रम बसवायचं ठरलं. तिथे पस्तीस मुलं. सेविकाताईंना मी आधीच बजावलं की फिल्टर बसवून महिनाभर उकळावंच लागेल, आणि धार हळू आहे म्हणून कुणी तक्रार केली तर घड्याळ लावून दाखवा. त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

ओटा चिऱ्यांचा, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच. टी पहिल्यापासून. ताटली प्लास्टिकची. धारेखाली कळशीला बैठक. खेपांच्या वेळांचा तक्ता खडूऐवजी रंगाने, आणि त्यात मोठ्या अक्षरांत: पाइपाला नळी लावू नये.

२२ डिसेंबर

क्रशरवरून वाळू आली. अंगणात ताडपत्री टाकून चाळायला बसलो, मी, लेक आणि शेजारच्या काकू. चाळलेली वाळू काचेच्या ग्लासात पाणी घालून फिरवायची, खाली ठेवून चारपर्यंत मोजायचं. वाळूचा वरचा भाग दिसला की धुणं पुरे. पहिल्या घमेल्याला सहा पाणी लागली.

दोन पोती चाळून झाली. अजून तीन आहेत. घरचा फिल्टर: ५० सेकंद.